पहिल्या नंबरचा रूकी हाती लागला, आता पुढची चार वर्षं

एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या सॅन अँटोनिओ स्पर्सने २०२२-२३ च्या मोसमात ८२ पैकी २२ सामने जिंकले. त्या उन्हाळ्यात निवडीचा क्रम ठरवणारी लॉटरी लागली आणि ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, पहिल्या क्रमांकावर त्यांनी व्हिक्टर वेम्बान्यामाला उचललं. फ्रान्सचा एकोणीस वर्षांचा पोरगा, सव्वासात फुटांहून उंच, आणि चेंडू खेळवणार गार्डसारखा. लेब्रॉन जेम्सनंतर एवढा गाजावाजा कुणाचाच झाला नव्हता. पहिल्याच मोसमात त्याने सामन्यामागे २१.४ गुण, १०.६ रिबाउंड आणि ३.६ ब्लॉक काढले, रूकी ऑफ द इयर, म्हणजे वर्षातला सर्वोत्तम नवखा खेळाडू, एकमताने झाला. आणि स्पर्सने सामने किती जिंकले? २२.

मध्ये सलग १८ सामने हरले, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर रोज सकाळी शिमगा चालायचा. कोच ग्रेग पॉपोविच म्हातारा झाला, मॅनेजमेंटला अक्कल नाही, पोरगं वाया चाललंय. त्यात माझेही मेसेज होते, ते आता डिलीट करता येत नाहीत. आज मागे वळून बघताना वाटतं, ते २२ विजयांचं वर्ष स्पर्सने फार शहाणपणाने खर्च केलं. असा खेळाडू मिळाला की पहिली चूक होते ती घाईची. तो नेमका काय आहे हे कळायच्या आधीच त्याच्याभोवतीच्या जागा भरून टाकतात आणि मग तीन वर्षांनी जागाही नसते, पैसाही नसतो, पिकही, म्हणजे ड्राफ्टमधले निवडीचे हक्कही, नसतात.

हा लेख एनबीए मन लावून बघणाऱ्यांसाठी आहे. गेममधल्या मॅनेजर मोडमध्ये रात्र काढणाऱ्यांना उपयोगी पडेल, आणि ज्यांच्या क्लबात अचानक एखादं ताडमाड पोर येऊन उभं राहिलंय त्यांनाही. उदाहरणं एनबीएची घेतोय, कारण तिथे प्रत्येक व्यवहाराची नोंद उघडी असते आणि चूक दहा वर्षांनीही बोट ठेवून दाखवता येते.

आधी घड्याळ लावा

पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार घासाघीस करून ठरत नाही. तक्ता ठरलेला असतो. करार चार वर्षांचा, त्यातली पहिली दोन पक्की, तिसरं आणि चौथं वर्ष संघाच्या मर्जीवर. वेम्बान्यामाला चार वर्षांचे मिळून साधारण साडेपाच कोटी डॉलर, त्यातले पहिल्या वर्षी १ कोटी २१ लाखांच्या आसपास. त्या मोसमात एका संघाच्या पगाराची मर्यादा, म्हणजे सॅलरी कॅप, होती १३ कोटी ६० लाख डॉलर. म्हणजे लीगमधल्या सर्वोत्तम बचावपटूंपैकी एक तुम्हाला कॅपच्या नऊ टक्क्यांत मिळतोय.

तिसरा मोसम संपला की त्याच्याशी नवा, पाच वर्षांपर्यंतचा करार करता येतो. तो कॅपच्या २५ टक्क्यांपर्यंत जातो, आणि मधल्या काळात त्याने ऑल-एनबीए, म्हणजे मोसमातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या, संघात जागा किंवा सर्वोत्तम बचावपटूचा किताब असं काही मिळवून ठेवलं असेल तर ३० टक्क्यांपर्यंत. हा नवा आकडा लागू होतो पाचव्या मोसमापासून. तेव्हा चार मोसम तुमच्याकडे जवळजवळ फुकटचा तारा आहे. एक कागद घ्या, वर चार मोसम लिहा, प्रत्येकाखाली तुमच्या सध्याच्या खेळाडूंचे करार कधी संपतात ते मांडा. पुढची प्रत्येक पायरी याच कागदावर तपासायची आहे.

एक अपवाद लगेच सांगून टाकतो. स्पर्सनेच १९९७ मध्ये टिम डंकनला घेतलं, तेव्हा त्यांनी असलं काही केलं नाही. त्याआधीच्या मोसमात ते २० सामने जिंकले होते, पण त्याचं कारण डेव्हिड रॉबिन्सनला झालेल्या दुखापती. तो फक्त ६ सामने खेळला होता. रॉबिन्सन परतला, शेजारी डंकन उभा राहिला, लगेच ५६ विजय आणि १९९९ मध्ये विजेतेपद. तुमचा संघ मुळात चांगला असून एका वर्षाच्या आजारपणाने तळाला गेला असेल, तर थांबू नका, जिंकायलाच उतरा. पण प्रामाणिकपणे विचारा, तुमचा रॉबिन्सन खरंच आहे का? बहुतेक संघांना तो असल्याचा भास होतो.

पहिला मोसम प्रयोगाचा

पहिल्या वर्षी शोधायचं उत्तर एकच: मैदानावर त्याला उभा कुठे करायचा? स्पर्सने सुरुवातीला वेम्बान्यामाला पॉवर फॉरवर्ड ठेवलं आणि सेंटरला, म्हणजे बास्केटजवळच्या सगळ्यात उंच माणसाच्या जागी, झॅक कॉलिन्स. हेतू रास्त होता, कारण पोरगं काटकुळं आणि समोरचे सेंटर अंगाने रेडे. पण दोन उंच माणसं बास्केटजवळ आली की गर्दी व्हायची. डिसेंबर २०२३ मध्ये त्याला सेंटरला हलवलं आणि खेळ मोकळा झाला.

केविन ड्युरंटचंही असंच. २००७ मध्ये सिॲटलने त्याला दुसऱ्या क्रमांकावर घेतलं आणि पहिला मोसमभर शूटिंग गार्ड म्हणून खेळवलं. संघ ओक्लाहोमा सिटीला गेला, २००८ च्या नोव्हेंबरात कोच बदलला, नव्या कोचने, स्कॉट ब्रूक्सने, त्याला स्मॉल फॉरवर्डला आणलं. तो मोसम २३ विजयांवर संपला, पुढचा ५० वर.

दोन्हीकडे पहिला अंदाज चुकला आणि दोन्हीकडे तो स्वस्तात चुकला. समजा स्पर्सने पहिल्याच उन्हाळ्यात मोठ्या पैशाचा सेंटर चार वर्षांसाठी आणला असता, तर डिसेंबरातला तो बदल कोचला करता आला असता का? कोट्यवधीचा माणूस बेंचवर बसवायला मालकाची परवानगी लागते. म्हणून पहिल्या वर्षी नवे करार करायचेच झाले तर एक-दोन वर्षांचे करा, आणि कोच असा ठेवा की ज्याला हरल्यावर नोकरीची धास्ती नाही. पॉपोविचला ती नव्हती. पाच विजेतेपदं खिशात होती.

चेंडू त्याच्यापर्यंत पोचतो का?

इथे जरा थांबू, कारण संघबांधणीतला सगळ्यात दुर्लक्षित भाग हाच.

त्या मोसमाच्या सुरुवातीला स्पर्सने जेरेमी सोहानला पॉइंट गार्ड केलं होतं. सोहान मूळचा फॉरवर्ड, बचावाला चिवट, पण चेंडू आणून वाटप करणं हे त्याचं काम कधीच नव्हतं. स्पर्सचे घरचे सामने आपल्याकडे हिवाळ्यात सकाळी साडेसहाच्या सुमारास सुरू होतात. चहाचा कप हातात घेऊन मी जे बघायचो ते असं: वेम्बान्यामा बास्केटपासून सात-आठ फुटांवर बचावपटूला पाठीवर घेऊन रुतून उभा. एक हात आभाळात. तिथे चेंडू दिला तर अडवायला माणूसच नाही. बाजूला उभा असलेला गार्ड त्याच्याकडे बघतो, चेंडू डोक्यावर नेतो, थबकतो आणि मागे परत पास करतो. तोवर तीन सेकंद होत आलेले, त्यामुळे वेम्बान्यामाला बास्केटसमोरच्या रंगवलेल्या पट्ट्याबाहेर यावं लागतं. गुणफलकावर यातलं काही दिसत नाही. तिथे तो फक्त ‘आज थोडा शांत होता’ असं दिसतं.

हा पास दिसतो सोपा, असतो अवघड. बचावपटू शरीराच्या ज्या बाजूला झुकलाय त्याच्या विरुद्ध हाताकडे चेंडू टाकावा लागतो. समोरून कोन मिळत नसेल तर एक-दोन ड्रिबल बेसलाइनच्या, म्हणजे बास्केटमागच्या रेघेच्या, दिशेने टाकून कोन बनवावा लागतो, आणि हे सगळं सेकंदभरात, कारण ती पकड तेवढीच टिकते. नवीन वर्ष उजाडताना सोहानचा प्रयोग गुंडाळला आणि ट्रे जोन्स पहिल्या पाचात आला. जोन्स काही तारा नव्हे. सहा फुटी, बाहेरून नेम बेताचा. पण वेळेवर पास देणारा. तेवढ्या एका बदलाने वेम्बान्यामाला चेंडू हव्या त्या जागी मिळू लागला.

माझा स्वतःचा धडा यापेक्षा बराच केविलवाणा आहे. एका शाळेच्या सोळा वर्षांखालच्या संघाला मी दोन वर्षं शिकवत होतो. एके जूनमध्ये सहा फूट तीन इंचांचं पोर दाखल झालं आणि आम्हाला जिल्हा जिंकल्यातच जमा वाटला. पहिल्या तीन सामन्यांत बेंचवरून मी एकच ओरडत होतो, ‘त्याला द्या रे!’ पोरं देत होती, त्याच्या बुटांवर. खाली वाकून चेंडू उचलेपर्यंत भोवती तिघं जमायची. मग दोन आठवडे शूटिंग बंद केलं. ग्राउंडवरचा खराटा उलटा धरून मी त्या पोरापुढे उभा राहायचो आणि गार्डनी खराट्याच्या वरून त्याच्या तळहातात चेंडू टाकायचा, रोज प्रत्येकी पन्नास वेळा. जिल्हा नाही जिंकलो. पण त्याचे गुण दुपटीच्या घरात गेले, आणि त्याच्यात मी काहीच बदललं नव्हतं.

हे मोजायची पद्धत साधी आहे. वही घ्या, चार रकाने आखा: तो मोकळा होता, चेंडू मिळाला, वेळेत मिळाला, हव्या त्या हातात मिळाला. एका सामन्यातल्या पंचवीस चढाया टिपा. पहिल्या रकान्यात पंधरा खुणा आणि तिसऱ्यात पाच असतील, तर तुम्हाला नवा तारा नको आहे. नवा पास देणारा हवा आहे, आणि तो कितीतरी स्वस्त मिळतो.

मोकळी जागा

रंगवलेला पट्टा १६ फूट रुंद. कोपऱ्यातली तीन गुणांची रेघ बास्केटपासून २२ फुटांवर. तुमचा रूकी पट्ट्यात उभा असताना कोपऱ्यात कोण उभं आहे, एवढंच बघा. तिथला माणूस नेमबाज असेल तर त्याचा बचावपटू त्याला चिकटून राहतो. नसेल तर तो बचावपटू एक पाय पट्ट्यात टाकून उभा राहतो आणि तुमच्या ताऱ्यावर दीड माणूस येतो. टीव्हीवर चेंडू सोडून त्या एका पायाकडे बघायची सवय लावा, संघाची निम्मी कुंडली कळते.

आता तारा स्वतःच बाहेरून नेम मारणारा असेल, जसा वेम्बान्यामा आहे, तर हिशेब उलटतो. तो बाहेर आल्यावर आत कोण घुसणार, हे ठरवावं लागतं. तिथे झपाट्याने आत शिरणारा गार्ड लागतो. त्याच्याकडे पुढे येतो.

अनुभवी माणसं घ्या, पण कशासाठी ते ठरवून

२०२४ च्या उन्हाळ्यात स्पर्सने ३९ वर्षांच्या पॉइंट गार्ड ख्रिस पॉलला एका वर्षासाठी आणलं, आणि सॅक्रामेंटोकडून हॅरिसन बार्न्सला. त्यासाठी काही द्यावं लागायच्या ऐवजी बार्न्सचा पगार उचलल्याबद्दल २०३१ च्या पहिल्या फेरीच्या पिकच्या अदलाबदलीचा, म्हणजे दोघांपैकी वरची पिक घेण्याचा, हक्कच त्यांना वर मिळाला. दोघंही त्या मोसमात ८२ च्या ८२ सामने खेळले. तरुण संघात म्हाताऱ्यांचं पहिलं काम हेच, रोज हजर राहणं. पॉलचं दुसरं काम वर सांगितलंच, वेळेवर पास.

निकष म्हणून एवढं पुरे: त्याच्या येण्याने रूकीचं काम सोपं व्हावं, आणि त्याच्या जाण्याने संघ अडू नये. नाव मोठं आणि गुडघे संपलेले अशा माणसाला तीन वर्षांचा करार देऊ नका. क्लीव्हलंडने लेब्रॉनभोवती २००५ मध्ये लॅरी ह्यूजला पाच वर्षांचे सात कोटी डॉलर कबूल केले होते. अडीच मोसमांत त्याला दुसरीकडे पाठवावं लागलं.

पिक साठवायच्या कशा आणि सोडायच्या कधी

एका पिकचा प्रवास सांगतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये, वेम्बान्यामा यायच्या आधी, स्पर्सने आपला सेंटर याकोब पोल्टल टोरांटोला दिला. बदल्यात टोरांटोची २०२४ ची पहिल्या फेरीची पिक आली, ती ठरली आठवी. ड्राफ्टच्या रात्री स्पर्सकडे चौथी आणि आठवी अशा दोन पिक होत्या. चौथीवर त्यांनी स्टेफॉन कॅसलला घेतलं, जो पुढे रूकी ऑफ द इयर झाला. आठवी मात्र मिनेसोटाला देऊन त्यांची २०३१ ची पिक आणि २०३० च्या अदलाबदलीचा हक्क घेतला. लोक हसले. सात वर्षांनंतरची पिक? तेव्हा शाळेतली पोरं ड्राफ्टमध्ये असतील! पण फेब्रुवारी २०२५ मध्ये गार्ड डीॲरन फॉक्सला आणताना सॅक्रामेंटोला जे दिलं, त्यात मिनेसोटाची तीच २०३१ ची पिक होती.

म्हणजे पिक हे खेळाडू निवडायचं कूपन असतंच, पण त्याहून जास्त ते न कुजणारं चलन असतं. रूकीच्या पहिल्या दोन वर्षांत ते जमवायचं. शक्यतो दुसऱ्यांच्या पिक जमवायच्या, कारण तुमचा तारा चांगला निघाला की तुमच्या स्वतःच्या पिकची किंमत आपोआप उतरते.

याच्या उलट टोक न्यू ऑर्लिन्स. २०१२ मध्ये त्यांना पहिल्या क्रमांकावर अँथनी डेव्हिस मिळाला. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, तसं पुढच्याच वर्षी सहाव्या क्रमांकावर घेतलेला नर्लन्स नोएल आणि २०१४ ची पिक देऊन त्यांनी ड्रू हॉलिडेला आणलं. २०१५ ची पिक ओमर आशिकसाठी गेली. २०१६ मध्ये बडी हील्डला घेतलं, आठ महिन्यांत तो आणि २०१७ ची पिक डीमार्कस कझिन्ससाठी गेली. २०१८ ची निकोला मिरोटिचसाठी. हॉलिडे उत्तम खेळाडू होता, कझिन्सही होता, एकेक व्यवहार सुटा बघितला तर समर्थन करता येतं. पण डेव्हिसनंतरच्या सहा ड्राफ्टमधून पहिल्या फेरीचा एकही तरुण त्याच्यासोबत वाढला नाही. सात मोसमांत प्लेऑफची एकच मालिका जिंकली, आणि जानेवारी २०१९ मध्ये डेव्हिसने ट्रेड, म्हणजे दुसऱ्या संघात पाठवणी, मागितली.

शरीराचा हिशेब

थोडक्यात सांगतो. पहिल्या मोसमात वेम्बान्यामाला सामन्यामागे तीस मिनिटांच्या आत ठेवलं होतं, तरी तो ७१ सामने खेळला. दुसऱ्या मोसमात फेब्रुवारीत उजव्या खांद्यात रक्ताची गुठळी सापडली. स्पर्सने त्याच दिवशी त्याचा मोसम संपल्याचं जाहीर केलं, ४६ सामन्यांवर. त्याला आठवडा-पंधरवड्यात परत आणायचं का, हा खल झालाच नाही. २००७ चा पहिल्या क्रमांकाचा ग्रेग ओडेन पोर्टलंडसाठी सगळे मिळून ८२ सामने खेळला, म्हणजे बरोबर एका मोसमाइतके. उंच खेळाडूच्या पायांवर आणि पाठीवर रागलोभ चालत नाही. मिनिटांचा आकडा डॉक्टरने ठरवायचा आणि कोचने पाळायचा.

दुसरा तारा कधी?

तीन गोष्टी जमल्या की. एक, रूकीची जागा नक्की झालेली असावी. दोन, वहीतल्या चार रकान्यांवरून संघाला काय कमी आहे ते एका वाक्यात सांगता यावं. तीन, त्या माणसासाठी पैसे मोजताना तुमचा सर्वांत चांगला तरुण द्यावा लागू नये.

फॉक्सच्या वेळी तिन्ही होत्या. वेम्बान्यामा सेंटर आहे आणि बाहेरूनही मारतो हे कळलं होतं. कमी होता तो लीगमधल्या सर्वांत वेगवान गार्डांपैकी एक, जो वेम्बान्यामा बाहेर आल्यावर आत घुसेल. आणि व्यवहारात कॅसल गेला नाही, डेजाँटे मरीला २०२२ मध्ये अटलांटाला देऊन मिळवलेल्या अटलांटाच्या स्वतःच्या पिकही हातात राहिल्या. त्यातल्याच एकीवर २०२५ मध्ये चौदाव्या क्रमांकावर कार्टर ब्रायंट आला, आणि स्वतःच्या पिकवर दुसऱ्या क्रमांकाचा डिलन हार्पर.

हार्परही गार्ड, फॉक्सही गार्ड, कॅसलही गार्ड. मला ही गर्दी सुरुवातीला पटली नव्हती. पण चौथ्या वर्षाआधी गुणी माणसाची गर्दी ही अडचण नसते. नंतर असते.

पगाराचा जिना

आता तो पहिला कागद परत काढा.

क्लीव्हलंडची २००४ ची चूक इथे आठवावी लागते. कार्लोस बूझर स्वस्तात खेळत होता, आणखी एक वर्ष त्याच पगारात ठेवायचा हक्क त्यांच्याकडे होता. तो हक्क त्यांनी सोडला, दीर्घ करार करू म्हणून. यूटाने सहा वर्षांचे सुमारे ६ कोटी ८० लाख डॉलर पुढे केले, तेवढी जागा क्लीव्हलंडच्या कॅपमध्ये नव्हती, आणि लेब्रॉनचा सर्वोत्तम साथीदार निघून गेला. स्वस्त वर्ष हातात असेल तर ते कधीही सोडू नका. हवा तेवढा मोठा करार नंतर करा.

तुमच्या कागदावर प्रत्येक तरुणाच्या नावापुढे त्याचा मोठा पगार कुठल्या मोसमात सुरू होईल ते लिहा. दोन नावं एकाच मोसमावर आली तर आत्ताच धोक्याची खूण करा, एकाला वर्षभर आधी विकावं लागेल. स्पर्सचा कागद मी आखून बघितला. फॉक्सने ऑगस्ट २०२५ मध्ये केलेला चार वर्षांचा २२ कोटी ९० लाखांचा करार २०२६-२७ ला सुरू होतो. वेम्बान्यामाचा मोठा पगार २०२७-२८ पासून. कॅसलचा २०२८-२९ पासून, हार्परचा २०२९-३० पासून. दरवर्षी एकच पायरी. चौघांचे मोठे आकडे एकत्र येतात ते फक्त २०२९-३० मध्ये, आणि त्याच मोसमाअखेर फॉक्सचा करार संपतो.